न दुखणारं दुखणं
(निमगाव सावा, ता. जुन्नर येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी अध्यक्षांचं बोलून झालं आहे. तेव्हा थेट विषयाला हात घातलेला बरा. विषय लघवीचा आहे. चारचौघांत हा शब्द उच्चारायला माणसं लाजतात, आणि मूत्रपिंडाच्या आजारांचं निम्मं नुकसान या लाजेतच होतं.

मुतखड्याचा रोगी पाहिला नाही असं घर या भागात शोधावं लागेल. रात्री दीड-दोनला माणूस अंथरुणातून उठतो. कंबरेच्या एका बाजूला कळ सुरू होते, ती पुढे जांघेत उतरते. बसवत नाही, झोपवत नाही, एका कुशीवर राहवत नाही. उलटी होते, अंगाला दरदरून घाम सुटतो. शेजारचा गाडी काढतो आणि सगळे नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या दिशेने निघतात. दोन दिवसांनी तोच माणूस पारावर बसून, कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला तांदळाच्या कणीएवढा खडा सगळ्यांना दाखवत असतो.

त्याच पारावर आणखी एक जण बसलेला असतो. त्याला दहा वर्षांपासून शुगर आहे. अलीकडे सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो, जेवणावरची वासना उडाली आहे. पण कुठे काही दुखत नाही, म्हणून तो दवाखान्यात गेलेला नाही. या दोघांत खरा धोका दुसऱ्याला आहे. खड्याचा माणूस ओरडतो, म्हणून त्याला वेळेवर उपचार मिळतात. मूत्रपिंड स्वतः झिजतं तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही.

हे का, ते समजायला थोडं शरीर समजून घ्यावं लागतं. कंबरेच्या वरच्या बाजूला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक मूत्रपिंड असतं. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक. दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त तयार करण्याचा इशारा देणं, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लावणं ही कामंही तिथेच होतात. गाळणाऱ्या भागाला वेदना कळत नाहीत. काही घटक मेले की उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. म्हणून निम्मी ताकद गेली तरी माणूस शेतात काम करत असतो आणि रक्तातलं क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थही, कित्येकदा जागचं हललेलं नसतं.

आधी जे दुखतं त्याकडे पाहू. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवी घट्ट झाली की क्षार विरघळून राहत नाहीत, त्यांचे कण जमतात. उन्हाळ्यात दिवसभर रानात राहून दोन तांबे पाण्यावर भागवणाऱ्याला म्हणूनच खडा गाठतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपसूक पडतात. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांचे डोंगर लागतात, आणि त्याच भागात ‘टोमॅटोच्या बियांनी खडा होतो’ हेही ठामपणे सांगितलं जातं. टोमॅटोत ऑक्झलेट कमी असतं आणि त्याच्या बिया मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाहीत. पालकात मात्र ऑक्झलेट खरोखर भरपूर असतं. दूध बंद करणं तर उलटं पडतं, कारण अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. खरी काळजी मिठाची: पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण. लिंबूपाणी उपयोगाचं असतं, त्यात मीठ मात्र टाकू नये.

खड्यावर हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं घरोघरी चालतात. कढणासोबत पोटात जाणारं पाणी कामी येतं, यात शंका नाही. पण मूत्रनलिकेत रुतून बसलेला मोठा खडा कढणाने विरघळत नाही. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की रुतलेल्या खड्याची कळ काही दिवसांनी थांबू शकते. घरच्यांना वाटतं, खडा पडला. इकडे लघवीचा रस्ता बंदच असतो, वर मूत्रपिंड फुगत जातं आणि काही महिन्यांत कायमचं निकामी होऊ शकतं. खडा डोळ्यांनी पडलेला दिसला नसेल तर कळ थांबल्यावरही सोनोग्राफी पुन्हा करावीच. खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं. तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो.

दुसरं दुखणं म्हणजे उन्हाळी. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं आणि चार थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची होणं. सगळ्याच जळजळीला उन्हाळी म्हटलं जातं आणि वाळ्याचं नाहीतर धन्याचं पाणी दिलं जातं. नुसती लघवी घट्ट झाल्याने होणारी जळजळ पाण्याने थांबते. एक-दोन दिवसांत थांबली नाही तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांमध्ये त्याच्या चार-पाच पट लांब. म्हणूनच सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. बहुतेक वेळा कारण असतो आतड्यातलाच एक जंतू, ई-कोलाय.

त्यात भर पडते ती कोंडून धरण्याची. दिवाळीच्या आगेमागे शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने सुरू झाले की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांचे कोयते या भागात उतरतात. पहाटे अंधारात फडावर जाणारी बाई दिवसभर वाकून तोडते, मोळ्या बांधते, वाहते. फडात आडोसा नसतो. जावं लागू नये म्हणून ती पाणीच कमी पिते. आठवडे बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई आणि शाळेत मुतारीची घाण नको म्हणून सकाळपासून थांबलेली मुलगी हेच करतात. पाणी कमी आणि कोंडून धरलेली लघवी, जंतूंना याहून सोयीची जागा नाही.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर तो साध्या औषधांनी बरा होतो. हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं आणि उलट्या सुरू झाल्या की तो मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की बंद करायच्या, या सवयीने जंतू औषधांना सरावतात. सारखा त्रास होत असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवी कल्चरसाठी द्यावी. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाही. गरोदर बाई, शुगर असलेली व्यक्ती, पुरुष आणि विनाकारण ताप येणारं लहान मूल, या चौघांच्या बाबतीत लघवीचा संसर्ग किरकोळ मानू नये.

पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये प्रोस्टेटची गाठ वाढते. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. आजोबा म्हणतात, वय झालं. कालव्याची चारी पुढे तुंबली की पाणी मागच्या वावरात चढतं, तसंच इथे होतं: न सुटलेली लघवी मूत्राशयात साठते आणि तिचा दाब मागे मूत्रपिंडावर येतो. एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडते तेव्हा नळी घालून पोट मोकळं केल्यावर आजोबांना हायसं वाटतं, पण तोवर क्रिएटिनिन चढलेलं असू शकतं. गोळ्यांनी किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने यातला बहुतेक त्रास जातो.

लघवीतून रक्त जाणं हा वेगळा इशारा. दुखत असेल तर खडा किंवा संसर्ग असू शकतो. अजिबात न दुखता, एकदाच लाल लघवी होऊन पुन्हा स्वच्छ झाली, तर त्याची तपासणी अधिक तातडीने हवी. विशेषतः तंबाखू आणि बिडी ओढणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषात ती मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते.

आता जे दुखत नाही ते.

देशभरातल्या रुग्णालयांतील जुनाट मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांची एक मोठी नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३१ टक्के रुग्णांत कारण मधुमेह होतं, १३ टक्क्यांत उच्च रक्तदाब. १६ टक्क्यांत कारण सापडलंच नव्हतं. बरेच लोक इतक्या उशिरा पोहोचतात की तोवर मूत्रपिंड आकसून गेलेलं असतं आणि कारण शोधायला काही उरत नाही. मधुमेह असलेल्या साधारण तिघांपैकी एकाच्या मूत्रपिंडाला पुढे इजा होते. सुरुवातीला लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन किंचित झिरपतं. ते डोळ्यांना दिसत नाही. प्रमाण वाढलं की लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ विरत नाही. त्यानंतर सूज, वाढता रक्तदाब, थकवा, खाज, तोंडाला खराब चव, मळमळ. या यादीतली शेवटची लक्षणं येतात तेव्हा बहुतेक काम थांबलेलं असतं.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक कारण कपाटात असतं. कांद्याच्या काढणीत कंबर धरते, गुडघे दुखतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि त्या खिशात ठेवून माणसं हंगाम काढतात. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. दोन-चार दिवस, धडधाकट माणसात, भरपूर पाण्यासोबत त्या बहुधा निभावतात. पण उन्हात घाम गाळलेला, उलट्या-जुलाबाने सुकलेला, किंवा शुगर-बीपी असलेला माणूस त्या महिनोन्‌महिने घेत असेल तर मूत्रपिंड त्याची किंमत मोजतं. आत काय आहे ते माहीत नसलेल्या पुड्या आणि पारा-शिसं असू शकणारी भस्मं यांचंही तेच.

ऊन, घाम आणि ऊस यांचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध दूरच्या देशात आधी ध्यानात आला. २००२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरच्या डॉक्टरांनी लिहिलं, की किनारपट्टीवरचे शेतमजूर तरुण वयातच मूत्रपिंड निकामी होऊन दाखल होत आहेत, आणि त्यांना ना मधुमेह आहे ना रक्तदाब. पुढे निकाराग्वाच्या ऊसतोड मजुरांतही तेच दिसलं. तिथल्या संशोधकांचा मुख्य संशय रोजच्या रोज उन्हात शरीर सुकण्यावर आहे. तिथल्या उसाच्या फडांत ‘पाणी, विश्रांती, सावली’ हा कार्यक्रम राबवला गेला: ठरावीक वेळाने सक्तीची सुट्टी, हलवता येणारी सावली, प्यायला पुरेसं पाणी. आंध्र प्रदेशातलं उद्दानम आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत याच कोड्याने गाजले. महाराष्ट्रात अकोला-बुलडाण्याकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे, तिथल्या गावांनी मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षं केली आहे. या सगळ्या ठिकाणी नेमकं एकच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही. पण फडात पाण्याचा ड्रम आणि दुपारची सावली यांसाठी संशोधन पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही.

इथल्या मातीतला आणखी एक धोका म्हणजे घोणस. कांद्याच्या चाळीत, उसाच्या पाचटात, उंदरांच्या मागे ती येते. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत केलेलं काम या भागाला ठाऊक आहे. यातली एक तपासणी पाहण्यासारखी असते. रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं ती नळी कुणी हलवत नाही. मग ती अलगद कलती करतात. रक्ताची गाठ झाली असेल तर ते तळाशी राहतं. पाण्यासारखं ओघळलं तर विष रक्तात भिनलेलं आहे. त्यानंतर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस शिरेतून देतात आणि लघवी मोजायला लागतात. लघवी कमी झाली किंवा कोलासारखी काळपट झाली तर डायलिसिसची, म्हणजे यंत्राने रक्त गाळण्याची, तयारी करावी लागते. अशा अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडांपैकी अनेक वेळेवरच्या उपचारांनी पुन्हा सुरू होतात. दोरी आवळण्यात, चिरा देण्यात किंवा देवळात पाणी पाजण्यात गेलेला तास मात्र परत मिळत नाही. पश्चिमेकडे भातखाचरांत पावसाळ्यात होणाऱ्या लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस) असंच: ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे, आणि मग कमी होत जाणारी लघवी.

मूत्रपिंड कायमचं थांबलं की उरतात दोन वाटा, डायलिसिस आणि प्रत्यारोपण. डायलिसिसचं यंत्र विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात तो सेलोफेन लाकडी पिंपाभोवती गुंडाळून बनवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. जून १९७५ मध्ये आणीबाणीत त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडं काम देत नव्हती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. त्यावर राहूनच त्यांनी १९७७ च्या निवडणुकीचा प्रचार केला. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते गेले, म्हणजे यंत्राच्या आधारे जवळजवळ चार वर्षं.

त्या काळी जे एका लोकनेत्याला मिळालं ते आज तालुक्याच्या माणसालाही मिळू शकतं. पण आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक फेऱ्या. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळी. प्रत्यारोपणाचा देशातला पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला, जिवंत नातलगाच्या मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला. आजही घरात मूत्रपिंड द्यायची वेळ आली की बहुतेकदा आई किंवा बायको पुढे होते.

या सगळ्या वाटेवर आधीच थांबता येतं, आणि थांबवणाऱ्या तपासण्या साध्या आहेत. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची लघवी आरोग्यसेविका अल्ब्युमिनसाठी तपासते. पट्टी नमुन्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगाशी ताडून पाहायचं. तिच्याच घरातल्या पन्नाशीच्या, शुगर असलेल्या सासऱ्याच्या लघवीत ती पट्टी कधी बुडालेली नसते. शुगर, बीपी, वारंवार खडा, घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार, किंवा वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल त्याने वर्षातून एकदा तीन गोष्टी कराव्यात: रक्तदाब मोजणं, लघवीतलं अल्ब्युमिन पाहणं, रक्तातलं क्रिएटिनिन पाहणं.

क्रिएटिनिनचा आकडा वाचताना एक पथ्य पाळावं. रिपोर्टवर १.४ आलं तर ‘जरासं वाढलंय’ म्हणून कागद घडी करून ठेवतात. पंचवीस वर्षांच्या तरुणात १.४ म्हणजे गाळण्याची क्षमता सुमारे ७० असते. साठीच्या बाईत त्याच १.४ चा अर्थ सुमारे ४३ होतो, आणि तीन महिने ती ६० च्या खाली राहिली तर त्याला जुनाट मूत्रपिंडविकार म्हणतात. म्हणून रिपोर्टमधला ‘ईजीएफआर’ हा गाळण्याच्या क्षमतेचा आकडा डॉक्टरांकडून समजून घ्यावा. या टप्प्यावर रक्तदाब १३०/८० च्या आत आणणं, मीठ कमी करणं आणि योग्य औषधं घेणं यांनी झीज बरीच मंदावते. मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन हे औषध मूत्रपिंडालाही वाचवतं, असं २०२० मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच वर्षी त्याचं भारतातलं पेटंट संपलं आणि ते स्वस्त झालं.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मात्र सरसकट द्यायचा नसतो. खडा आणि संसर्ग असणाऱ्याने लघवी फिकट राहील इतकं प्यावं. ज्याचं मूत्रपिंड निकामी होत आलं आहे, अंगावर सूज आहे, त्याला पाणी मोजूनच दिलं जातं. आणि पौष्टिक म्हणून दिलेल्या शहाळ्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

छापील प्रत घरी नेणाऱ्यांसाठी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा अशी लक्षणं शेवटी एकत्र दिली आहेत: लघवी पूर्ण अडणं किंवा दिवसभर जवळजवळ न होणं, हुडहुडी भरून ताप आणि कुशीत कळ, लघवी लाल किंवा काळपट होणं, अंगावर झपाट्याने चढणारी सूज आणि धाप, शुगर-बीपीच्या माणसाला सतत उलट्या आणि गुंगी, गरोदरपणात चेहऱ्यावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी. डायलिसिस आणि प्रत्यारोपण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. त्यासाठी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जावं आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटावं. नोंदणी त्याच्याच टेबलावर होते.